करदात्याचा हक्क आणि धर्म : चवदार तळ्यापासून कलम २७ पर्यंत बाबासाहेब

पनवेल सोडले की पळस्पे फाट्यावरून मुंबई-गोवा महामार्ग महाडकडे निघतो. तहानलेल्या बाबासाहेबांसाठी पाण्याचा माठ भरून वाट पाहणाऱ्या सोनबा येलवे यांची आठवण आपले लोक याच फाट्याशी जोडून सांगतात. पाण्याचा हक्क बाबासाहेबांनी माणूस म्हणून मागितलाच. पण त्या मागणीत सार्वजनिक पैशाचाही हिशेब होता. तोच पुढे संविधानात उतरला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना शाळेत पाण्याच्या नळाला हात लावायची मुभा नव्हती. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करविषयक अभ्यासासाठी नावाजलेल्या प्रा. सेलिग्मन यांचे विद्यार्थी झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या अर्थव्यवहारावरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर कोण भरतो आणि तो कुणासाठी खर्च होतो, हे ते नेमके जाणत होते.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला : सार्वजनिक पैशातून बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तिथले पाणी घेतले. सनातनी मंडळी तळ्यावर आपला खाजगी हक्क सांगत कोर्टात गेली. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

या हिशेबाची दुसरी बाजू १९४७ मध्ये पुढे आली. स्टेट्स अँड मायनॉरिटीज या निवेदनात बाबासाहेबांनी मांडले की राज्याला अधिकृत धर्म नसावा आणि आपण ज्या धर्मसमुदायाचे नाही, त्याच्यासाठी राखलेला कर भरण्याची सक्ती कुणावर नसावी. त्याच वर्षी २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. आज हे तत्त्व कलम २७ मध्ये आहे : विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी किंवा पोषणासाठी खास राखलेला कर देण्याची सक्ती करता येत नाही. कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही.

कलमाला मर्यादाही आहेत. २०११ मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कराचा मोठा भाग एका धर्मासाठी वापरला गेला तरच कलम २७ चा भंग होतो. म्हणून प्रत्येक सरकारी खर्चावर या कलमाचा दाखला देऊन भागत नाही. अर्थसंकल्प वाचावा लागतो.

हा नियम आपल्यालाही लागू आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. तिच्याकडे पाणी, शाळा, दवाखाना, अभ्यासिका करदाते म्हणून हक्काने मागू. विहार मात्र आपल्या दानातून उभा राहावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा देण्यास सांगितले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या विसाव्या हिश्श्याचा हिशेब आपल्याकडे अजून बाकी आहे.