दहावा बळी आणि निसटलेला झेल
सुभाष गुप्ते : क्रिकेटने गौरवलेला, तरी उपेक्षित राहिलेला फिरकीचा जादूगार

नागपूर : भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. १९३२ मध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर झेल टिपण्याच्या प्रयत्नात त्यांच्या हाताला जबर दुखापत झाली. तरीही ४० धावा काढून त्यांनी त्या डावात संघात सर्वाधिक धावसंख्या नोंदवली. भारतीय क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार याच नागपूरकराच्या नावाने दिला जातो. २००० साली तो एका मराठी लेगस्पिनरला मिळाला. शेवटचा कसोटी सामना खेळून त्याला तेव्हा जवळजवळ चार दशके लोटली होती. त्या गोलंदाजाचे नाव सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते.

११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत जन्मलेल्या गुप्ते यांनी १९५१-५२ च्या हंगामात इंग्लंडविरुद्ध कोलकात्याला कसोटी पदार्पण केले. शरीरयष्टी लहानखुरी, पण चेंडूला उंची देण्याचे धाडस मोठे. लेगब्रेकच्या जोडीला त्यांच्या भात्यात दोन प्रकारचे गुगली होते. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या त्रिमूर्तीसमोर त्यांनी कसोटी मालिकेत २७ बळी घेतले. त्रिनिदादच्या प्रेक्षकांनी आपल्या विल्फ्रेड फर्ग्युसन या लेगस्पिनरवरून त्यांना 'फर्गी' हे लाडके नाव दिले. जीवनसाथीही त्यांना त्याच बेटावर लाभली. पुढे १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेत त्यांनी तब्बल ३४ बळी टिपले.

गोलंदाजीतील या वैभवाला इतर दोन अंगांची साथ मात्र नव्हती. फलंदाज म्हणून गुप्ते यांच्याकडून कोणी अपेक्षाच ठेवत नसे. ३६ कसोटींत त्यांच्या नावावर १८३ धावा आहेत आणि २१ ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या. क्षेत्ररक्षणातील चपळाईसाठीही ते कधी ओळखले गेले नाहीत. त्या काळी संघातील मुख्य गोलंदाजाने मैदानात धावाधाव करावी, अशी अपेक्षाही फारशी नसे. त्यामुळे ही उणीव चालून जाई. पण क्रिकेटच्या चर्चेत तिचा उल्लेख टळत नसे.

गंमत अशी, की त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या क्षणी उणीव भासली ती दुसऱ्याच्या हातांची. डिसेंबर १९५८. कानपूरचे ग्रीन पार्क. वेस्ट इंडीजचा पहिला डाव २२२ धावांत आटोपला आणि त्यात गुप्ते यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. सोबर्स आणि कन्हाय यांच्यासारखे फलंदाज असलेल्या संघाविरुद्धची ही कामगिरी होती. सुटलेला एकमेव फलंदाज म्हणजे लान्स गिब्ज. त्याचाही झेल गुप्ते यांच्या गोलंदाजीवर उडाला होता. परंतु यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून तो निसटला. अखेर गिब्जचा त्रिफळा उडवला तो पदार्पण करणाऱ्या वसंत रांजणे यांनी. ताम्हाणे हे त्या पिढीतील अत्यंत भरवशाचे यष्टिरक्षक. चूक एकदाच झाली, पण ती नेमकी तेव्हाच व्हायची होती. भारताने तो सामना २०३ धावांनी गमावला.

चार वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, मुंबईकडून खेळताना एका पाकिस्तानी संघाविरुद्ध गुप्ते यांनी ७८ धावांत सर्वच्या सर्व दहा बळी घेतले होते. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. कसोटीत मात्र तो मान मिळण्यासाठी भारताला फेब्रुवारी १९९९ पर्यंत थांबावे लागले. दिल्लीत अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानविरुद्ध दहा बळी घेतले, तेव्हा दहावा बळी त्यांनाच मिळावा म्हणून जवागल श्रीनाथ दुसऱ्या टोकाकडून यष्टीबाहेर चेंडू टाकत होते. कानपूरच्या त्या डावात गुप्ते यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही.

धावफलकात सुटलेल्या झेलांचा रकाना नसतो. गोलंदाजाच्या नावापुढे दिसतात ते केवळ मिळालेले बळी. फिरकीला जवळच्या क्षेत्ररक्षकांची साथ किती मोलाची असते, हे भारताने पुढे सत्तरच्या दशकात अनुभवले. एकनाथ सोलकर, अजित वाडेकर, अबिद अली यांच्या हातांनी बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या चौकडीच्या बळींत किती भर घातली, याचा हिशेब करावा तेवढा थोडा. गुप्ते यांच्या काळात असे कडे त्यांच्याभोवती नव्हते. तरीही त्यांनी १४९ कसोटी बळी २९.५५ च्या सरासरीने घेतले.

कारकिर्दीचा शेवट मात्र झेल सुटण्याहून अधिक क्लेशकारक ठरला. डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलमधील स्वागतिकेने आपल्याला नको असलेल्या निमंत्रणाबद्दल तक्रार केली. दूरध्वनी केला होता ए. जी. कृपालसिंग यांनी, गुप्ते यांचा दोष एवढाच, की ते त्यांच्यासोबत एकाच खोलीत राहत होते. आपल्या सहकाऱ्याला त्यांनी रोखले का नाही, असा प्रश्न त्यांना करण्यात आला. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही आणि वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे कसोटी जीवन संपले. कृपालसिंग पुढे १९६४ मध्ये भारताकडून पुन्हा खेळले. गुप्ते यांना बोलावणे आले नाही ते नाहीच.

त्यानंतर ते पत्नीच्या त्रिनिदादमध्ये स्थायिक झाले. ज्या बेटाने 'फर्गी' म्हणून त्यांना डोक्यावर घेतले, तेच त्यांचे घर झाले. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यासमोर प्रत्यक्ष उभे राहिलेले गॅरी सोबर्स अखेरपर्यंत त्यांना शेन वॉर्नहूनही श्रेष्ठ लेगस्पिनर मानत आले.

नायडू यांच्या नावाचा पुरस्कार गुप्ते यांच्या हयातीत, निधनाच्या अवघी दोन वर्षे आधी त्यांच्या हाती पडला, हे समाधान थोडके नव्हे. एक झेल निसटला म्हणून दहावा बळी गेला. ते खेळात घडायचेच. परंतु दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा म्हणून एका गोलंदाजाची उरलेली वर्षे गेली, ती क्षेत्ररक्षणातील चूक नव्हती. तो निर्णयाचा दोष होता आणि त्याची नोंद कोणत्याही धावफलकात सापडत नाही.