अण्णाभाऊंचा राहिलेला मोर्चा

साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात जन्मले आणि वडिलांसोबत पायी मुंबईला आले. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहून त्यांनी ‘फकिरा’ लिहिली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १६ ऑगस्ट १९४७ रोजी गोरगरिबांचा मोर्चा काढला. पण हजारोंना उभे करणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षे दारिद्र्यात, एकाकीपणात, व्यसनात गेली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात त्यांची प्राणज्योत मालवली.

खचलेल्या मनालाही औषधपाणी लागते. २०१७ च्या कायद्याने मानसोपचार हा हक्क झाला. पण मागितल्याशिवाय हक्क वस्तीत येत नाही. म्हणून येत्या जयंतीला आम्ही घाटकोपर ते बोरिवली शांततेने रस्त्यावर उतरून मागू या : प्रत्येक सरकारी दवाखान्यात मानसोपचार. हेच खरे अभिवादन!