फळंच काढतो म्हणून खालच्या रांगेत बसवलं, त्याच चित्रकाराची स्ट्रॉबेरी २०० कोटींना गेली

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलात की हिवाळ्यात स्ट्रॉबेरी विकायला दिसते. टोपलीतल्या अशाच एका ढिगाचं चित्र २०२२ मध्ये पॅरिसच्या लिलावात २.४ कोटी युरोंना गेलं. म्हणजे आपले जवळपास २०० कोटी रुपये.

चित्रकार होता ज्याँ सिमेओं शार्दँ. जन्म पॅरिसचा, १६९९ सालचा. वडील सुतार, राजासाठी बिलियर्डची टेबलं बनवायचे. १७२८ मध्ये राजाच्या चित्रकला अकादमीनं शार्दँला घेतलं खरं, पण प्राणी आणि फळांचा चित्रकार म्हणून. तिथं उतरंड ठरलेली होती. देवादिकांची आणि लढायांची चित्रं काढणारे सगळ्यात वर, फळंवाले तळाला. मान कमी आणि पैसाही कमी.

मधली काही वर्षं त्यानं घरातल्या बायका-पोरांची चित्रं काढली, ती गाजलीसुद्धा. पण गडी पुन्हा फळांकडं वळला.

आता १७६१ च्या त्या स्ट्रॉबेरीत एवढं काय आहे? तर रंग मोजा. लाल, तपकिरी, पांढरा आणि जरासा हिरवा. ढिगाचा लाल बाजूच्या दोन चेरींत आणि पीचमध्ये उतरतो. टोपली, टेबल, मागची भिंत, सगळं तपकिरीत. पाण्याच्या ग्लासलाही वेगळा रंग नाही, मागचाच तपकिरी आणि वर पांढऱ्याचे चार ठिपके.

आपण काय करतो, २४ ट्यूबांचा डबा आणतो आणि प्रत्येक फळाला वेगळा रंग देतो. मग चित्र तुकड्यातुकड्यांचं दिसतं. मोजकेच रंग एकमेकांत मिसळले की सावलीतही फळाचा अंश येतो आणि सगळं एकाच उजेडात ठेवल्यासारखं वाटतं.

गंमत म्हणा की दुःख, स्वतःच्या मुलाला मात्र शार्दँनं वरच्या रांगेतलं, इतिहासाची चित्रं काढायचं शिक्षण दिलं. मुलगा त्यात फार पुढं गेला नाही. व्हेनिसमध्ये तो बुडून गेला असं मानतात.

म्हातारपणी डोळे त्रास द्यायला लागले तेव्हा शार्दँनं तैलरंग सोडून पेस्टल खडू धरले. १७७९ मध्ये तो गेला, तेही राजानं लूव्र राजवाड्यात दिलेल्या घरात.

लिलावानंतर स्ट्रॉबेरीची टोपली अमेरिकेतल्या म्युझियमकडं निघाली होती. फ्रान्सनं तिला राष्ट्रीय ठेवा ठरवून अडवलं. मग वर्गणी निघाली, सुमारे १०,००० लोकांनी पैसे दिले, मोठ्या कंपनीनंही हातभार लावला. २०२४ पासून टोपली लूव्रच्याच संग्रहात आहे.