गाडी कुणी बांधली? – वालचंद हिराचंद यांची ओळख



लँड क्रूझर चांगली की पट्रोल, कुठली गाडी वाळूत रुतत नाही, कुठली किती सेकंदांत शंभरावर जाते, या तुमच्या गप्पा आम्ही नेहमी ऐकतो. गाड्यांची नावे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पण ही गाडी बांधली कुणी, आणि वीस वर्षांनी तिचे काय होईल, हे दोन प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. म्हणून या अंकात आम्ही अशा एका माणसाची ओळख करून देत आहोत, ज्यांनी हेच प्रश्न जन्मभर स्वतःला विचारले. त्यांचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातचे, पण सोलापुरात स्थायिक झालेले. घरचा धंदा सावकारीचा आणि कापसाच्या व्यापाराचा. वालचंद पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी न घेताच परत आले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. लक्ष्मणराव फाटक नावाच्या एका मराठी गृहस्थांना त्यांनी भागीदार केले आणि रेल्वेची ठेकेदारी सुरू केली. बार्शी लाइट रेल्वेचे काम त्यांनी घेतले तेव्हा त्यांचे वय पुरते पंचविशीचेही नव्हते.

तुमच्यापैकी जे सुट्टीत मुंबईहून पुण्याला आगगाडीने जातात, त्यांनी बोरघाटातले बोगदे पाहिलेच असतील. पूर्वी या घाटात गाडी एका ठिकाणी थांबवून उलट्या दिशेने वर न्यावी लागे. ती अडचण दूर करण्यासाठी १९२० च्या दशकात नवा मार्ग काढला गेला. त्यातले बोगदे खोदण्याचे अवघड काम वालचंदांच्या कंपनीने केले. पावसाळ्यात सह्याद्रीचा कातळ कसा पाझरतो ते तुमच्या आजोबांना विचारा. त्या घाटातून आजही रोज गाड्या जातात आणि प्रवासी डुलक्या घेतात. आमच्या मते चांगल्या बांधकामाची खूण हीच, की ते आहे याची कुणाला आठवणही होत नाही. १९२६ साली वालचंदांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधला तो याच कंपनीने.

पण सगळीच कामे अशी पहिल्या फटक्यात साधली नाहीत. १९१९ साली वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ नावाची जुनी बोट विकत घेतली आणि सिंदिया ही आगबोट कंपनी काढली. त्या काळी समुद्रावर इंग्रज कंपन्यांचे राज्य होते. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. भारतात हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. बोट मात्र १८९१ सालची, म्हणजे बरीच थकलेली होती. चारच वर्षांत ती भंगारात गेली. कंपनी मात्र टिकली. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिंदियाने हाज यात्रेकरूंसाठी बोटी सुरू केल्या. त्यांपैकी एका नव्या बोटीचे नाव होते ‘एल मदिना’. मुंबईहून निघून ती आपल्या या देशात, जेद्दाच्या बंदरात येत असे. जेद्दाला समुद्रकाठी फिरायला जाल तेव्हा सोलापूरच्या या माणसाची आठवण जरूर काढा.

आता मोटारींकडे येऊ. १९३० च्या दशकात भारतात मोटारी पुष्कळ होत्या, पण त्या परदेशी होत्या. काही कारखान्यांत बाहेरून आलेल्या भागांची नुसती जुळणी होई. सुटे भाग जोडणे म्हणजे गाडी बनवणे नव्हे, असे वालचंदांचे मत होते. इंजिन आपल्याकडे घडले पाहिजे, कारागीर आपल्याकडे तयार झाले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या थोर इंजिनीअरांनी मोटार कारखान्याची योजना आखली होती. (हे विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले. अरबस्तानच्या टोकाला असलेल्या एडन शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १९०६ मध्ये सरकारने त्यांनाच पाठवले होते.) वालचंदांनी ती योजना उचलली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी जमले नाही, पण क्रायस्लरशी करार झाला.

तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने मोटार कारखान्याला पाठिंबा दिला नाही. दुसरा कुणी असता तर हात जोडून घरी बसला असता. अमेरिकेहून परतताना विमानात विल्यम पॉली या विमान व्यवसायातल्या माणसाशी वालचंदांची गाठ पडली, आणि त्यातून १९४० मध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना उभा राहिला. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू झाला. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले.

तुमच्या आई-बाबांना जी गाडी आठवते ती या फियाटचीच पुढची आवृत्ती, प्रीमियर पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद जेमतेम ४० अश्वशक्तीच्या आसपास. गियरचा दांडा स्टिअरिंगला. इथल्या हायवेवर ती कुणालाच गाठू शकली नसती, आणि उन्हाळ्यात घाट चढताना बोनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतावे लागे. तरीही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी ती लाखो किलोमीटर चालवली. कारण साधे होते. रचना सोपी, सुटे भाग गल्लोगल्ली मिळत, आणि कुठलाही गॅरेजवाला ती दुरुस्त करू शके.

पण खरे सांगायचे तर या गाडीची दुसरी बाजूही आहे. त्या काळी भारतात गाड्यांचे कारखाने मोजकेच होते. लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत, त्यामुळे गाडीत सुधारणा करण्याची घाई कुणालाच नव्हती. मग १९८३ मध्ये मारुती आली आणि पद्मिनी मागे पडली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुंबईत नोंदणी २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात तिनेही निरोप घेतला.

आम्हाला एका गोष्टीची गंमत वाटते. वालचंदांचा विमानांचा कारखाना सरकारने १९४२ मध्ये ताब्यात घेतला. जहाजांचा कारखानाही १९५२ मध्ये सरकारकडे गेला. हातातून गेलेले हे दोन्ही कारखाने आज जिवंत आहेत. नव्या कामांसाठी त्यांना पुन्हा पुन्हा शिकावे लागले. विमान कारखाना म्हणजेच आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स. मोटारी मात्र बंद पडल्या. म्हणजे वस्तू नुसती मजबूत असून भागत नाही. ती बनवणाऱ्याने शिकत राहावे लागते. आखाती देशांत येणाऱ्या गाड्यांना इथल्या उन्हासाठी जास्त ताकदीची कूलिंग व्यवस्था देतात. तीही कुणीतरी हे ऊन समजून घेतले म्हणूनच.

पालकांना विनंती, की गाडी सर्व्हिसिंगला नेताना एकदा मुलांना बरोबर न्या. आणि मुलांनो, तुम्हाला गृहपाठ: रेडिएटर, एअर फिल्टर आणि टायर, यांपैकी आपल्या वाळूत आणि उन्हात सगळ्यात आधी काय खराब होते ते मेकॅनिककाकांना विचारा. उत्तर मराठीत पाच ओळींत लिहून आणा. चांगली उत्तरे आम्ही पुढच्या अंकात छापू.