पंधरा रुपयांतले आठ रुपये

वाचकहो, जून महिना म्हणजे आपल्याकडे दुहेरी ओढाताण. इकडे बी-खताला पैसा पाहिजे आणि तिकडे पुण्याला शिकायला धाडलेल्या मुलाची फी, खोलीचे डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स. बियाण्याच्या पिशवीची पावती आपण जपून ठेवतो, मुलाला पाठवलेल्या पैशाचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. म्हणून आज पिकाचे बाजूला ठेवून नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांविषयी सांगतो.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरकडच्या कोतळूक गावचा. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा १३ वर्षांचा. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि कागललाच नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्याला पाठवत. राहिले ७. त्यात आई, बायको, बहिणी, सगळा संसार. निम्म्याहून जास्त पैसा एकट्या विद्यार्थ्याकडे जात होता बघा!

आणि ही वजाबाकी त्या विद्यार्थ्याला तोंडपाठ होती. म्हणून तर तो हाताने स्वयंपाक करून राहिला. एकदा एका मित्राने त्याला नाटकाला नेले. गोपाळला वाटले, मित्रच दाखवतोय. पण नंतर मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने मुकाट्याने दिले. भावाकडे जादा पैसे मागितले नाहीत. दिव्याचे तेल बंद केले आणि तेवढे दिवस रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, असे सांगतात. चुकून झालेला खर्च त्याने स्वतःच्याच वाट्यातून भरून काढला.

मी डिप्लोमाला होतो तेव्हा माझे पैसे वीस तारखेलाच संपायचे, आणि मग घरी पत्र. त्यामुळे फार शहाणपण सांगत नाही. पण मुलाला एवढे करायला लावा. पैसे हातात पडतील त्याच दिवशी खोली आणि मेसचे देऊन टाकायचे. थोडे आजारपणासाठी नि गावी यायच्या भाड्यासाठी वेगळे काढायचे. उरेल त्याचे चार आठवड्यांचे चार वाटे. एका वाट्यात नाटक-सिनेमा बसला तर खुशाल बघावा. हल्ली फोनवरून पैसे जातात, नोट मोडल्याचे कळतही नाही, म्हणून रात्री वहीत लिहिणे जास्तच गरजेचे.

१८८१ ला मॅट्रिक झाल्यावर गोपाळ नोकरी धरायला निघाला होता. भाऊ-वहिनींनी ऐकले नाही. वहिनींनी अंगावरचे दागिनेही काढून दिले, असे सांगतात. मग कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे डेक्कन आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज. तिथे महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कुठे भावाचा भार हलका झाला. १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी.ए. झाले.

पुढे पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तरकी, मग फर्ग्युसन कॉलेज. वकिली करून बक्कळ पैसा मिळवता आला असता. त्याऐवजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अल्प पगारावर २० वर्षे काम करायचे त्यांनी कबूल केले. शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले, त्याचे चार पैसे मिळत राहिले.

२६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिल्लक दाखवून खूश होते. गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले, की ही शिल्लक सुबत्तेची नाही, गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे. त्यांचा रोख खास करून मिठावरच्या करावर होता. तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ ला तो दोन रुपये झाला, १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपया. ज्याच्या घरात ७ रुपयांत महिना निघाला, त्याला मिठाचा भाव पुस्तकातून शिकावा लागला नसणार.

१९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यातच ते गेले, वय अवघे ४८. समाजाच्या आवारात १९३० साली त्यांच्या नावाची अर्थशास्त्राची संस्था निघाली. डेक्कन जिमखान्याच्या बाजूला मुलाच्या खोलीवर जाणे झाले, तर त्याला घेऊन ती बघून या. जाताना घरची हिशेबाची वही पिशवीत टाका. कांद्याची पट्टी किती आली आणि त्यातले पुण्याला किती गेले, ते पान त्याच्यापुढे उघडा.