आपल्या शहराचे संन्यासी खासदार : स्वामी रामानंद तीर्थ

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीप्रमाणे १७ सप्टेंबरलाही मराठवाड्यात झेंडावंदन होतं. पुण्या-मुंबईकडून आपल्या सोसायटीत राहायला आलेल्या कुटुंबांना त्याचं सुरुवातीला नवल वाटतं. हा तिसरा झेंडा कशाचा, हे सांगायचं तर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव घ्यावंच लागतं. नांदेडच्या विद्यापीठाला आणि अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला त्यांचं नाव आहे, हे पुष्कळांना माहीत असतं. पण हेच स्वामीजी १९५७ ते १९६२ या काळात लोकसभेत आपल्या औरंगाबादचे खासदार होते, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. म्हणून रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी गावी. शिक्षण सोलापूरला सुरू झालं. विद्यार्थी असतानाच, १९२० साली लोकमान्य टिळक गेले, आणि या मुलानं आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करायची शपथ घेतली. त्या वयातल्या शपथा बहुधा चार दिवस टिकतात. ही बावन्न वर्षं टिकली. असहकाराच्या लाटेत सरकारी शिक्षण सोडून ते अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेले आणि पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून एम. ए. झाले. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं, पण मोठ्या आजारपणामुळे ते सोडावं लागलं.

तिथून ते आले निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेवर शिक्षक म्हणून. तिथेच संन्यास घेऊन व्यंकटेशाचे रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रं अंगावर आली, तरी शाळा सुटली नाही. नंतर बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर ते अंबाजोगाईला गेले आणि योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. पुढच्या लढ्यातले कितीतरी कार्यकर्ते याच वर्गांतून तयार झाले.

ते राज्य कसं होतं, याची आज कल्पना येत नाही. सोळा जिल्हे, त्यांतले मराठी पाच, बाकी तेलुगू आणि कानडी. कोर्टकचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढायची. नाणंसुद्धा वेगळं, हाली सिक्का. आम्हा बँकवाल्यांना जुनी माणसं हिशेब सांगायची: इंग्रजी सहा रुपये म्हणजे हाली सात. एकाच देशात राहून मनमाड ओलांडलं की पैसे बदलावे लागत!

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी शाळा सोडली आणि ते तुरुंगात गेले. आपल्या शहरातल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या मुलांनी वंदे मातरम् म्हणण्यासाठी संप केला, तोही याच काळात. बंदी उठायला १९४६ साल उजाडलं. १९४७ च्या जूनमध्ये मुशीराबादच्या अधिवेशनात स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भारतात विलीन होण्याची मागणी ठामपणे मांडली गेली. १५ ऑगस्टला सारा देश आनंदात असताना हैदराबादेत तिरंगा फडकवल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली. जैसे थे करारानंतर सुटका झाली, ती काही आठवडेच. जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत. बाहेर रझाकारांचे अत्याचार चालू होते आणि सीमेवरच्या कॅम्पांतून आपली तरुण मुलं त्यांच्याशी झुंजत होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला आणि स्वामीजी तुरुंगाबाहेर आले. आपला तिसरा झेंडा तो हा.

मला विशेष वाटते ती गोष्ट यापुढची आहे. लढा जिंकलेल्या पुढाऱ्याला सत्तेची खुर्ची मागायलाही लागत नाही. स्वामीजींनी मंत्रिपद घेतलं नाही. १९५२ साली ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून गेले. आणि खासदार म्हणून त्यांनी लावून धरलं काय, तर ज्या राज्यासाठी लढलो, तेच राज्य मोडावं!

हैदराबाद राज्य अखंड राहावं असं वाटणारे थोडेथोडके नव्हते. खुद्द पंडित नेहरूंचा ओढा तिकडे होता. हैदराबादेत सचिवालय होतं, हायकोर्ट होतं, उस्मानिया विद्यापीठ होतं. तीन भाषांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदलेली होती. स्वामीजींचं म्हणणं वेगळं होतं. ही सरहद्द एका घराण्यानं आखलेली आहे, लोकांनी नव्हे. सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कारभार कळला तरच ते राज्य त्याचं. म्हणून त्रिभाजन झालंच पाहिजे. या प्रश्नावर त्यांनी मोठ्या माणसांची नाराजी पत्करली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी तसंच झालं. तेलंगण आंध्रात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात. यात स्वामीजींचं स्वतःचं काय झालं बघा. ज्या संघटनेचे ते अध्यक्ष होते, तिचं राज्यच नकाशावरून गेलं. गुलबर्गा दुसऱ्या राज्यात गेलं. पुढच्याच वर्षी औरंगाबादनं त्यांना आपला खासदार केलं. ते दिल्लीत असतानाच, १९५८ साली, आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं.

हा निर्णय मराठवाड्याला फळला का? हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. हैदराबाद जवळचं होतं, मुंबई लांबची झाली. अनुशेषाची रड आजही संपलेली नाही आणि हायकोर्टाचं खंडपीठ इथे यायला १९८१ उजाडलं. पण आपला सातबारा आपल्याला वाचता येतो आणि न्यायासाठी पराई भाषा शिकावी लागत नाही, ही जमेची बाजू मला मोठी वाटते. राहिलेली बाकी वसूल करणं हे मागून आलेल्यांचं काम होतं. ते आपल्या पिढीकडून पुरेसं झालं नाही, असं माझं मत आहे.

१९६२ नंतर स्वामीजी निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले. खादीचं आणि शिक्षणाचं काम त्यांनी पूर्वीही सोडलं नव्हतं, तेच पुढे चालू ठेवलं. लढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहून काढल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचं निधन झालं. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. त्यांना गुरुस्थानी मानणारे पी. व्ही. नरसिंह राव पुढे १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले.

पंचवीस वर्षं सोसायटी चालवताना आपणही पाहिलं आहे, की पद मिळवण्यापेक्षा ते वेळेवर सोडणं अवघड असतं. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदनानंतर चहा घेताना मुलांना या खासदाराबद्दल दोन शब्द जरूर सांगावेत, एवढीच सर्व सभासदांना विनंती. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा!