सरखेल कान्होजी आंग्रे : खडकांचा समुद्र राखणारा दर्यावर्दी

मालवणला फिरून आलेलं कुणी भेटलं की पहिला विषय निघतो स्कुबा डायव्हिंगचा. पाठीवर टाकी, डोळ्यांवर काच आणि खाली खडकाभोवती फिरणारे रंगीबेरंगी मासे! आपण जोहेकर गणपतीच्या कारखान्यात रंगात हात बुडवून वाढलेली माणसं, आपल्याला त्या रंगांचं कौतुक वाटणारच. पण आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाचं नाव अरबी समुद्रातल्या एका मोठ्या बुडालेल्या प्रवाळ पठाराला मिळालं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तो माणूस म्हणजे सरखेल कान्होजी आंग्रे. आज त्यांचीच माहिती घेऊया.

जन्म व बालपण

कान्होजींचा जन्म इ.स. १६६९ च्या सुमारास झाला. त्यांचे घराणे मूळचे संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडी गावावरून त्यांना आंग्रे हे आडनाव पडले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात नोकरीला होते. त्यामुळे कान्होजींचे लहानपण हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात, कोळी आणि खलाशांच्या संगतीत गेले. भरती केव्हा येते, ओहोटीला कुठला खडक उघडा पडतो, वारा कुठून फिरतो, हे सगळं ते पाण्यावरच शिकले. पुस्तकात ते कुठे लिहिलेलं असणार?

सरखेल झाले

संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर स्वराज्यावर फार कठीण काळ आला. जमिनीवर मोगल आणि समुद्रावर जंजिऱ्याचा सिद्दी. या धामधुमीत कान्होजींनी किनाऱ्यावरचे किल्ले लढवले आणि गेलेले परत मिळवले. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात त्यांना सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, हा किताब मिळाला. पुढे ताराबाई आणि शाहू महाराज यांच्यात वाद झाला, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले! शेवटी बाळाजी विश्वनाथ यांनी तोडगा काढला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानले आणि सरखेल हे पद व किनाऱ्यावरचे अनेक किल्ले त्यांच्याकडे राहिले.

समुद्र कुणाचा?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या काळी पोर्तुगीज इथल्या व्यापाऱ्यांकडून समुद्रात फिरण्याच्या परवान्याचे पैसे घेत. कान्होजींनीही तेच सुरू केले. कोकणच्या समुद्रातून माल न्यायचा तर सरखेलांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचा. इंग्रजांना हे मानवले नाही. ते कान्होजींना चाचा म्हणजे समुद्री दरोडेखोर म्हणू लागले. जरा विचार करा, दुसऱ्याने घेतला तर तो कर आणि आपल्या माणसाने घेतला तर ती लूट, हे कसं?

मग लढाया झाल्या. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला. दोन्ही फसले. १७२० मध्ये इंग्रजांनी उथळ पाण्यात किल्ल्याच्या जवळ जाता यावे म्हणून सपाट तळाचा, तोफा बसवलेला मोठा तराफा मुद्दाम बांधून विजयदुर्गावर नेला. त्याचाही उपयोग झाला नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन सुमारे ६,००० माणसांनिशी अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले. तेही हात हलवत परतले.

यामागे शौर्य तर होतंच, पण समुद्रतळाचं ज्ञानही होतं. युरोपियन जहाजे मोठी, त्यांना खोल पाणी लागे. कान्होजींची गुराबे आणि गलबते तळाने उथळ. गलबताला वल्हीसुद्धा असत, त्यामुळे वारा पडला तरी ती खडकांमधून, खाडीतून सुळकन निघून जात. कुलाबा किल्ला तर खडकावरच उभा आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला चारही बाजूंनी पाणी! विजयदुर्गाजवळ पाण्याखाली एक लांबच लांब दगडी भिंत आहे, ती अलीकडच्या काळात पाणबुड्यांनी आत उतरून पाहिली आहे. शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, असं तिथले लोक सांगतात.

शेवट

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागला त्यांची समाधी आहे. एसटीने अलिबागला गेलात तर ती नक्की बघा. त्यांच्यामागे मुलांमध्ये भांडणे झाली. १७५६ मध्ये तर पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्रे यांच्यावर चाल केली आणि विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांचे आरमार जळाले. शत्रूला चाळीस वर्षे जे जमलं नाही, ते घरातल्या फुटीने झालं.

नावाने उरलेला समुद्र

विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात एक बुडालेले पठार आहे. नकाशात त्याचे नाव आंग्रिया बँक. आंग्रे या नावाचा हा इंग्रजी उच्चार. ज्यांनी त्यांना दरोडेखोर म्हटलं, त्यांच्याच नकाशात त्यांचं नाव राहिलं!

आपल्या किनाऱ्याजवळ पाणी गढूळ असतं, कारण अंबेसारख्या नद्या खाडीतून गाळ घेऊन येतात. आंग्रिया बँक दूर असल्याने तिथे पाणी स्वच्छ आहे, सूर्यप्रकाश खोलवर पोचतो, म्हणून प्रवाळ वाढतात. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे बरं का, ते लहान लहान जीव आहेत. तिथे पठाराचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. तिथवर जाणाऱ्या पाणबुड्याच्या टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. २० मीटरवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या तिप्पट होतो, म्हणून वर येताना श्वास रोखायचा नाही आणि घाई करायची नाही. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन या जीवसृष्टीचा अभ्यास केला.

मालवणच्या किनाऱ्यालगत १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आंग्रिया बँक मात्र किनाऱ्यापासून २२ किलोमीटरपर्यंतच्या सागरी हद्दीच्या खूप बाहेर आहे, त्यामुळे तिथे तसे संरक्षण देणे सोपे नाही. मोठ्या जाळ्यांनी आणि नांगरांनी प्रवाळ मोडले तर ते परत वाढायला अनेक वर्षे लागतात. म्हणजे कान्होजींच्या वेळचा प्रश्न आजही तोच आहे : समुद्र कुणाचा, आणि तो राखायचा कुणी?

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी स्कुबा करायला पाण्यात उतरलं, तर प्रवाळाला हात लावू नका, तुकडा तोडून आणू नका. नुसतं बघा. सरखेलांनी राखलेला समुद्र आहे तो!

स्वाध्याय
१) दस्तक म्हणजे काय? इंग्रजांना तो का मान्य नव्हता?
२) गलबते उथळ तळाची असल्याचा काय फायदा होई?
३) आंग्रिया बँकेजवळ पाणी स्वच्छ का असते?
४) तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारून खाडीत पूर्वी मिळणाऱ्या माशांची यादी करा.